आज वाचता येईल असे पुस्तक

आपल्या शाळेच्या एका वार्षिक समारंभात चौथीतील एका विद्यार्थ्याला स्वच्छतेचे पारितोषिक मिळाले. पारितोषिक म्हणून त्याच्या हाती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे एक जाडजूड चरित्र देण्यात आले. एका हितचिंतकाने मोठ्या श्रद्धेने ते शाळेला भेट दिले होते. मुलाने पुस्तक दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावले आणि सभागृहात टाळ्या झाल्या. त्यानंतर सुमारे दोन वर्षे संध्याकाळच्या अभ्यासाच्या तासाला ते पुस्तक त्याच्या मांडीवर उघडे असे. तासावर देखरेखीला असलो की मी त्याच्याकडे बोट दाखवून इतर मुलांना सांगत असे, "पाहा, वाचनाची गोडी असावी तर अशी."

तो पाचवीत असताना, वर्षाच्या अखेरीस, मी एकदा सहज त्याच्या शेजारी जाऊन बसलो. "कुठवर आलास बाळा? थोडे मोठ्याने वाच पाहू," असे म्हणालो. त्याने एक पान उलटले, मग दुसरे उलटले. बराच वेळ तो काही बोलला नाही. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "सर, मला हे येत नाही. मी नुसती पानं उलटतो. तुम्ही बघता ना, म्हणून."

स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी समितीची सूचना आली तेव्हा मला प्रथम हाच प्रसंग आठवला. त्या मुलाची त्यात काहीही चूक नव्हती. पुस्तक देणाऱ्याची भावना निर्मळ होती. चूक माझी होती. मूल पुस्तक हातात धरून बसले आहे एवढे पाहून ते वाचत आहे, असे मी गृहीत धरले आणि दोन वर्षांत एकदाही त्याला जवळ बसवून ऐकले नाही. त्या काळात त्याच्या हाती सोळा पानांची, मोठ्या अक्षरांची, त्याला वाचता येतील अशी पुस्तके पडली असती तर त्याने कदाचित शंभर पुस्तके वाचून संपवली असती. प्रत्यक्षात त्याच्या पदरी एकच न वाचलेले पुस्तक राहिले, आणि 'आपल्याला वाचता येत नाही' ही लपवून ठेवलेली खंत राहिली.

म्हणून प्राथमिक वयातील मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावयाचा आहे. माझे उत्तर साधे आहे. जे पुस्तक मुलाला आज, अर्थ समजून, बहुतांशी स्वतःच्या बळावर वाचता येते आणि ज्यात थोडेसेच नवे आहे, ते त्याच्यासाठी योग्य पुस्तक होय.

इयत्ता वेगळी, वाचनाची पातळी वेगळी

मूल पाचवीत आहे म्हणजे ते पाचवीच्या पातळीचे वाचते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ सालापासून ग्रामीण भारतात 'असर' हे सर्वेक्षण घेतले जाते. त्यातील वाचनाची चाचणी अगदी सोपी आहे. मुलापुढे सुटी अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट ठेवतात आणि त्याला कुठपर्यंत वाचता येते ते पाहतात. २०२२ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील केवळ ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत होती. २०१८ मध्ये हेच प्रमाण ५०.५ टक्के होते. मधल्या दोन वर्षांत करोनामुळे शाळा बंद राहिल्या, त्याचा परिणाम या आकड्यांत दिसतो. परंतु २०१८ मध्येही जवळजवळ निम्मी मुले मागेच होती, हे विसरून चालणार नाही.

आपल्या वसतिगृहात येणारी मुले कोठून येतात, हे आपण सारे जाणतो. कोणाचे आईवडील ऊसतोडीला जातात, कोणाचे वीटभट्टीवर असतात. कोणाची शाळा दर हंगामात बदललेली असते. काहींच्या घरी कोरकू, गोंडी किंवा भिली बोलली जाते, काहींच्या घरी वऱ्हाडी किंवा अहिराणी. पुस्तकातील प्रमाण मराठी त्यांच्या कानांना शाळेतच प्रथम ऐकू येते. अशा चाळीस मुलांच्या एका वर्गात दुसरीपासून सातवीपर्यंतच्या सर्व पातळ्यांचे वाचक बसलेले असतात. त्या सर्वांना एकच पुस्तक वाटून 'वाचा' असे सांगणे म्हणजे सर्वांना एकाच मापाच्या चपला देण्यासारखे आहे. काहींच्या पायांतून त्या निसटतात आणि काहींच्या पायांना लागतात.

२०२१ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, असे उद्दिष्ट ठेवलेले आहे. हे उद्दिष्ट योग्यच आहे. मात्र जे मूल आज सुट्या शब्दांवर अडखळते, त्याला थेट तिसरीच्या धड्यावर बसवून ते साध्य होत नाही. जेथे मूल उभे आहे तेथूनच त्याला चालू द्यावे लागते.

मराठी पुस्तकाची पातळी कशाने ठरते?

जाड पुस्तक कठीण आणि पातळ पुस्तक सोपे, असा नियम नाही. मराठीपुरते बोलायचे तर चार-पाच गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली गोष्ट अक्षरांची. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांवर हात बसला तरी जोडाक्षरे बराच काळ त्रास देतात. त्यांतही 'आम्ही', 'छत्री', 'रस्ता' हे रोजच्या बोलण्यातले शब्द मूल अंदाजाने पार करते. 'कर्तव्य', 'वैशिष्ट्य', 'प्रज्ञा' येथे मात्र ते थबकते. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर, तर रफार उच्चारात आधी आणि कागदावर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. या गोष्टी मोठ्यांच्या लक्षातही येत नाहीत, पण नव्या वाचकाला त्या प्रत्येक वेळी थांबवतात.

दुसरी गोष्ट वाक्याच्या लांबीची आणि जोडणीची, तिसरी ओळखीच्या आणि अनोळखी शब्दांच्या प्रमाणाची, चौथी चित्रांची आणि अक्षरांच्या आकाराची. पाचवी सर्वांत सूक्ष्म आहे. जे सांगितलेले नाही पण समजून घ्यायचे आहे, असे त्या मजकुरात किती आहे? एकच प्रसंग चार पायऱ्यांवर कसा लिहिता येतो, ते पाहू.

पहिली पायरी: 'पाऊस आला. मीना धावली. मामा हसला. मीना भिजली. मामा पण भिजला.'

दुसरी पायरी: 'मीनाकडे नवी छत्री होती. पाऊस आला. मीनाने छत्री उघडली नाही. ती आणि मामा दोघेही भिजले.'

तिसरी पायरी: 'आभाळ भरून आलेले पाहून मामा म्हणाला, "छत्री उघड." मीनाने ऐकले नाही, कारण तिला नवी छत्री भिजवायची नव्हती.'

चौथी पायरी: 'नवी छत्री दप्तरात जपून ठेवून मीना भर पावसात चालत राहिली. मामाने तिला काहीच विचारले नाही. नव्या वस्तूची अपूर्वाई काय असते, हे त्याला ठाऊक होते.'

पहिल्या पायरीत एकही जोडाक्षर नाही. दुसरीत येणारी जोडाक्षरे ओळखीच्या शब्दांतली आहेत. तिसरीत वाक्य लांबले आणि त्यात कारण आले. चौथीत मामाचे बालपण कसे गेले असेल, हे न सांगता सुचवलेले आहे. वाचकाला ते स्वतः भरून घ्यावे लागते. जो मुलगा पहिल्या पायरीवर आहे त्याला चौथा उतारा दिला तर तो अक्षरे जुळवण्यातच दमेल आणि मीनाची गंमत त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. परंतु पहिल्या पायरीवरही पाऊस आहे, मामा आहे आणि भिजण्याची मजा आहे. गोष्टीचा आनंद प्रत्येक पायरीवर मिळतो.

२००४ साली स्थापन झालेल्या 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेने आपल्या पुस्तकांच्या अशाच चार पातळ्या केलेल्या आहेत. पहिल्या पातळीवरील गोष्ट अडीचशे शब्दांच्या आत संपते, तर चौथी पातळी दीड हजार शब्दांच्या पुढे जाते. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या, माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या 'वाचू आनंदे'मध्येही बालगट आणि कुमारगट असे वेगळे भाग आहेत. मराठीत पायरीपायरीने जाणारी पुस्तके उपलब्ध आहेत. ती मुलांपर्यंत पोहोचवणे एवढेच आपल्याकडे राहते.

योग्य पुस्तक ओळखावे कसे?

यासाठी मोठ्या परीक्षेची गरज नाही. मुलाला जवळ बसवून पुस्तकाचे मधलेच एखादे पान मोठ्याने वाचायला सांगावे. ज्या शब्दावर ते अडेल त्या प्रत्येक शब्दासाठी एक बोट मिटावे. सुमारे पन्नास शब्दांच्या पानावर एखादे बोट मिटले किंवा एकही मिटले नाही तर ते पुस्तक त्याला एकट्याने वाचता येईल. दोन-तीन बोटे मिटली तर कोणीतरी जवळ असताना ते वाचावे. पाचही बोटे मिटली, मूठ बंद झाली, तर ते पुस्तक आज बाजूला ठेवावे. मुलांना ही पद्धत फार लवकर समजते आणि काही दिवसांत ती स्वतःच पुस्तक निवडू लागतात. मात्र चित्रांच्या पुस्तकात पानावर पंधरा-वीसच शब्द असतात. तेथे दोन-तीन पाने मिळून हिशेब करावा.

या साध्या युक्तीमागे अभ्यास आहे. अमेरिकेतील वाचनतज्ज्ञ एमेट बेट्स यांनी १९४६ सालच्या आपल्या ग्रंथात याचे ढोबळ माप मांडले होते. शंभरातील नव्व्याण्णव शब्द नीट वाचता येत असतील तर मूल स्वतंत्रपणे वाचू शकते. पंच्याण्णवच्या आसपास येत असतील तर शिक्षकाच्या मदतीने शिकू शकते. नव्वदच्या खाली गेले की त्याची दमछाक होते. दहा शब्दांत एक शब्द अडला तर आपल्याला ते किरकोळ वाटते. पण प्रत्येक ओळीत एकदा ठेच लागणाऱ्या माणसाचे लक्ष समोरच्या देखाव्याकडे राहात नाही, पायांकडेच राहते.

शब्द वाचता आले की काम संपले असेही नाही. पान वाचून झाल्यावर पुस्तक मिटून विचारावे, "काय झाले रे गोष्टीत?" काही मुले एकही चूक न करता खडाखडा वाचतात आणि या प्रश्नावर गप्प होतात. घरची बोली वेगळी असलेल्या मुलांमध्ये हे विशेष दिसते. त्यांच्यासाठी पुस्तकाची पातळी उच्चारावरून न ठरवता समजेवरून ठरवावी. उत्तर त्यांच्या बोलीत आले तरी ते पूर्ण मानावे.

सोपे पुस्तक घेण्यात कमीपणा नाही

या साऱ्यात मोठी अडचण लाजेची असते. सहावीतील मुलाने चित्रांचे पुस्तक उचलले की शेजारचा हसतो, "अरे, हे तर पहिलीचं!" मग तो ते खाली ठेवतो आणि जाड पुस्तक उचलून पाने उलटू लागतो. वाचनात मागे पडलेली मुले अशाच रीतीने आणखी मागे पडतात. कारण वाचन हे पोहण्यासारखे आहे, ते करूनच येते. ज्याला सोपे वाचण्याची मुभा नाही, त्याचे वाचणेच थांबते.

आपल्या परंपरेतील चूळपंथकाची कथा येथे आठवते. चार महिन्यांत त्याला एक गाथाही पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक स्वतः विद्वान भिक्खू. त्याने कंटाळून चूळपंथकाला विहारातून निघून जाण्यास सांगितले. रडत निघालेल्या चूळपंथकाला तथागतांनी थांबवले. दुसरी गाथा दिली नाही, तीच गाथा पुन्हा घोकायलाही सांगितली नाही. त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते हाताने चोळत राहण्यास सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले, आणि सारे काही अनित्य आहे हे त्याला त्या मळलेल्या वस्त्रातून उमगले. पुढे तो अर्हत झाला. ही कथा आपण मुलांना अनेकदा सांगतो. शिक्षकांनी आणि पालकांनीही ती स्वतःला सांगितली पाहिजे. महापंथकाने शिष्याची योग्यता गाथेवरून मोजली. तथागतांनी त्याला पेलेल असे काम शोधून दिले.

लाज घालवण्याचे काही व्यवहारी उपाय आम्हांला अनुभवातून सापडले. पुस्तकांवर 'इयत्ता पहिली', 'इयत्ता दुसरी' असे लिहिणे आम्ही बंद केले आणि पाठीवर रंगीत पट्टी लावली. रंगावरून पुस्तकाची पातळी कळते, पण मुलाच्या कपाळावर शिक्का बसत नाही. पातळी पुस्तकाची असते, मुलाची नव्हे, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. दुसरा उपाय अधिक गुणकारी ठरला. मोठ्या मुलांना आठवड्यातून एकदा पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवण्याचे काम दिले. लहानांना वाचून दाखवायचे तर पुस्तक लहानांचेच हवे. त्यासाठी आधी दोन-तीनदा सरावही हवा. पाने उलटणाऱ्या त्या मुलाच्या हाती मी असेच एक सोळा पानांचे पुस्तक दिले आणि म्हणालो, "पहिलीची मुलं तुझी वाट पाहणार आहेत." तीन दिवस तो ते पुस्तक घेऊन पिंपळाच्या पारावर एकटाच बसत असे. चौथ्या दिवशी त्याने ते वाचून दाखवले. दोन ठिकाणी अडखळला. पहिलीच्या मुलांच्या ते ध्यानातही आले नाही. ती म्हणाली, "दादा, परत वाच."

मग कठीण पुस्तकांचे काय?

कोणी विचारील, मुलांना सोपेच देत राहिलो तर ती मोठी कधी होणार? महापुरुषांची चरित्रे, अभिजात साहित्य त्यांनी वाचायचे की नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचे पहिले उत्तर असे की, मुलांची ऐकून समजण्याची शक्ती त्यांच्या वाचण्याच्या शक्तीपेक्षा पुष्कळ पुढे असते. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते तेव्हा आजीच्या मांडीवर बसलेली सात वर्षांची मुलगीही ऐकत असते आणि घरी जाताना प्रश्न विचारते. तिला तो ग्रंथ वाचता येणार नाही, पण ऐकता येतो. म्हणून कठीण आणि मोलाची पुस्तके मोठ्यांनी मुलांना वाचून दाखवावीत. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे कोणीतरी नीट वाचून दाखवले तर मुलांच्या कानांवर समृद्ध भाषा पडते. तेच शब्द पुढे पुस्तकात भेटले की ओळखीचे वाटतात.

दुसरे उत्तर आवडीचे आहे. एखाद्या मुलाला सापांचे, क्रिकेटचे किंवा ट्रॅक्टरचे वेड असेल तर त्या विषयावरील पुस्तक तो मूठ बंद झाली तरी सोडत नाही. त्याला अडवू नये. बोटांचे माप पुस्तक सुचवण्यासाठी आहे, हिसकावून घेण्यासाठी नाही.

तिसरे उत्तर बाबासाहेबांच्या जीवनातच आहे. त्यांच्या विशाल ग्रंथसंग्रहाबद्दल, राजगृहाबद्दल आपण अभिमानाने बोलतो. पण त्या वाचनाची सुरुवात कशी झाली, याकडे आपले लक्ष कमी जाते. वडील रामजी सकपाळ यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या क्रमाक्रमाने जाणाऱ्या पुस्तकांवरून त्यांच्या इंग्रजीचा पाया पक्का करून घेतला. पुढे मुंबईत विद्यार्थिदशेत असताना बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. गुरुजींनी त्याच्याशी ओळख करून घेतली, त्याला पुस्तके वाचायला दिली आणि स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. त्या एका भेटीचे मोल आपण सारे जाणतो. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. गुरुजींनी आधी वाचक पाहिला, त्याला ओळखले आणि मग त्याला पेलेल, भावेल असे पुस्तक त्याच्या हाती दिले. तेच पुस्तक पहिलीतल्या भीमाच्या हाती पडले असते तर कदाचित फळीवर धूळ खात राहिले असते.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती

पालकांपैकी अनेकांना स्वतःला फारसे वाचता येत नाही आणि त्यामुळे मुलाच्या वाचनात आपला काय उपयोग, असे त्यांना वाटते. त्यांना मी सांगू इच्छितो की ऐकण्यासाठी अक्षरओळख लागत नाही. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल घरी येईल तेव्हा त्याला सांगा, "भाकरी होईपर्यंत मला एक गोष्ट वाचून दाखव." तो अडखळला तर रागावू नका. घाईने चुका काढू नका. गोष्ट संपल्यावर, "मग पुढं काय झालं असेल?" एवढेच विचारा. तेच पुस्तक त्याने पाचव्यांदा वाचले तरी वाचू द्या. पुन्हा वाचल्यानेच वाचनाला वेग येतो. आणि शेजारच्या मुलाशी त्याची तुलना कृपा करून करू नका.

माजी विद्यार्थी आणि समाजबांधव ग्रंथदान मुक्तहस्ते करतात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांसमोर लागणारी रांग ही आपल्या समाजाची खरी श्रीमंती आहे. 'एक वही, एक पेन' या उपक्रमामुळे हाराफुलांचा खर्च मुलांच्या शिक्षणाकडे वळला. आता त्याला एक जोड द्यावी, अशी विनंती आहे. आपल्या ग्रंथालयात मोठे ग्रंथ पुरेसे आहेत, आणि वरच्या वर्गांसाठी ते हवेतच. उणीव आहे ती पहिली ते चौथीच्या मुलांच्या पातळ पुस्तकांची. एका जाड ग्रंथाच्या किमतीत अशी कितीतरी पुस्तके येतात. वीस मुलांच्या हाती ती एकाच वेळी फिरतात, फाटतात, चिकटवली जातात आणि पुन्हा फिरतात. 'बालभारती'कडून १९७१ पासून प्रसिद्ध होणाऱ्या 'किशोर' मासिकाची वर्गणी भरली तर वर्षभर दर महिन्याला नवे काही येते. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरील मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात. त्या छापून, शिवून दिल्या तरी मोठे काम होईल. ज्यांच्या घरी कोरकू, गोंडी किंवा अहिराणी बोलली जाते, त्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या आजीच्या दोन गोष्टी त्या भाषेत देवनागरीत लिहून पाठवल्या तर आमच्या लहान वाचकांना त्यांचे पहिले ओळखीचे पुस्तक मिळेल.

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले, त्यांत वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असा आशय आहे. दान देताना आपण दुसरा भाग सहज विसरतो. कुलपात जपलेले पुस्तक सुरक्षित असते, पण त्याला वाचक मिळत नाही. आमचेही कपाट पूर्वी कुलूपबंद असे. हरवतील, फाटतील ही भीती होती. आता प्राथमिक विभागाची पुस्तके दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी वर्गात टांगलेली असतात. काही हरवतात. कधी कधी ती उशीखाली सापडतात. पुस्तक उशीखाली सापडले की आम्ही ते हरवलेले मानत नाही.

ज्या विद्यार्थ्यापासून या लेखाची सुरुवात झाली, तो आज आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी एक आहे. कदाचित हा लेख त्याच्याही हाती पडेल. आठवीत गेल्यावर त्याने ते चरित्र पुन्हा उघडले. दिवसाला दोन पाने अशी त्याची गती होती. ते पूर्ण झाले की नाही, हे मी मुद्दामच विचारले नाही. दोन वर्षे त्याने माझ्यासाठी पाने उलटली होती. निदान ती पाने तरी त्याने स्वतःसाठी वाचावीत, असे मला वाटले. त्याच्या धाकट्या भावंडांना, त्याच्या मुलांना आणि आपल्या शाळेत उद्या येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी आज वाचता येईल असे एक पुस्तक मिळावे आणि ते ऐकायला एक मोठे माणूस शेजारी बसलेले असावे, एवढीच इच्छा.